दहा माणसांच्या धंद्यात बाळंतपणाची रजा: हिशेब, कागद आणि नेमणूक

लहान धंद्याचा मालक मुलाखतीला आलेल्या तरुण बाईची पदवी आणि अनुभव पाहत असतो, तेव्हा त्याच्या मनात एक आकडा आधीच ठरलेला असतो: सव्वीस आठवड्यांचा पगार. हा आकडा तो कागदावर कधी मांडत नाही, कोणाला विचारत नाही, आणि तरीही त्याच्यावर विसंबून चांगल्या उमेदवाराला ‘कळवतो’ असे सांगून वाटेला लावतो. लहान कारखान्यांची पगारपत्रके आणि कामगार कायद्याचे कागद सांभाळण्याच्या कामात मी हे इतक्या वेळा पाहिले आहे की, आता कोणी मालक ‘बाई नको’ म्हणाला की मी आधी त्याचे पगारपत्रक मागतो. बहुतेक वेळा असे निघते की ज्या खर्चाला तो घाबरतो तो त्याच्या खिशातून जाणारच नसतो, आणि ज्या अडचणीची तयारी करायला हवी होती तिचा त्याने विचारच केलेला नसतो. म्हणून नेमणुकीचा निर्णय घेण्यापूर्वी हा हिशेब कसा मांडावा आणि नेमणुकीनंतर कोणते कागद कसे ठेवावेत, हे क्रमाने सांगतो.

आधी माणसे मोजावीत

१९६१ चा मातृत्व लाभ कायदा आणि त्यात २०१७ मध्ये झालेली दुरुस्ती यांवर आपली सर्वांची माहिती उभी आहे. रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली ती १ एप्रिल २०१७ पासून. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली आणि त्या कायद्यातील तरतुदी या संहितेच्या सहाव्या प्रकरणात आल्या. कलमांचे क्रमांक बदलले असले, तरी मूळ हक्क तेच राहिले आहेत. कायद्याच्या व्याख्येत बसणारा कारखाना, खाण आणि मळा यांना हे प्रकरण थेट लागू होते. दुकाने आणि इतर आस्थापना यांना ते लागू होण्यासाठी मागील बारा महिन्यांत कोणत्याही एका दिवशी दहा किंवा त्याहून अधिक माणसे कामावर असली पाहिजेत.

‘कोणत्याही एका दिवशी’ हे शब्द नीट वाचावेत. वर्षभर सात माणसांवर चालणाऱ्या मिठाईच्या दुकानाने दिवाळीच्या पंधरवड्यात चार पोरे मदतीला घेतली, तर त्या पंधरवड्यात तिथे अकरा माणसे होती, आणि पुढचे किमान बारा महिने ते दुकान या प्रकरणाच्या कक्षेत आहे. दुसरी नेहमीची चूक म्हणजे फक्त स्त्रिया मोजणे. ‘आमच्याकडे दहा बायका आहेतच कुठे?’ असे मला अनेकदा ऐकवले गेले आहे. मोजणी स्त्री-पुरुष सर्वांची असते, आणि नऊ पुरुषांत काम करणारी एकटी स्त्रीही पूर्ण लाभाची हक्कदार असते. तिसरा घोळ अलीकडचा आहे. महाराष्ट्रात शॉप ॲक्टच्या बऱ्याचशा तरतुदी लागू होण्यासाठीची मर्यादा २०२५ मध्ये दहावरून वीस माणसांवर नेली गेली, आणि त्यामुळे बाळंतपणाची रजाही वीस माणसांनंतरच द्यावी लागते असा समज काही मालकांनी करून घेतला. हे दोन वेगळे कायदे आहेत. रजेची मर्यादा दहाच आहे.

लाभ कोणाला मिळतो याची अटही सोपी आहे. अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपूर्वीच्या बारा महिन्यांत तिने तुमच्याकडे किमान ८० दिवस काम केलेले असावे. ती कायम झालेली असण्याची गरज नाही. रोजंदारीवरील स्त्रियांनाही हा लाभ आहे, हे दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरील कामगार स्त्रियांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये स्पष्ट केले. ठरावीक मुदतीच्या करारावर नेमलेल्या स्त्रीचा करार रजेच्या मध्येच संपला, तरी लाभ तिथे तुटत नाही, हे त्याच न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. तेव्हा ‘अकरा महिन्यांच्या करारावर घेऊ म्हणजे प्रश्न नको’ हा जुना तोडगा आता तोडगा राहिलेला नाही.

२६ आठवड्यांपैकी जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. आधीची दोन अपत्ये हयात असल्यास रजा १२ आठवड्यांची असते. गर्भपात झाल्यास त्यानंतर ६ आठवडे, आणि गर्भारपणातून किंवा बाळंतपणातून उद्भवलेल्या आजारासाठी आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा आहे. दत्तक आणि सरोगसी यांचे नियम वेगळे, १२ आठवड्यांचे आहेत.

पगार कोणाच्या खिशातून जातो

सगळा हिशेब जिथे फिरतो ती रेषा महिना २१,००० रुपयांची आहे. ज्या आस्थापनेत दहा किंवा अधिक माणसे आहेत तिला कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातले ईएसआय, लागू होते, आणि ज्यांचे मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत आहे ते सर्व कर्मचारी त्यात येतात. १ जुलै २०१९ पासून मालकाचा वाटा वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कर्मचाऱ्याचा ०.७५ टक्के आहे. हा वाटा पुरुषांच्या पगारावरही भरावा लागतो, आणि हीच या योजनेची खरी ताकद आहे. तुमच्या गोदामातील हमालाच्या पगारावर तुम्ही दरमहा जे पैसे भरता, त्यांतच पॅकिंग विभागातील मुलीच्या बाळंतपणाची तरतूद झालेली असते. ती रजेवर गेल्यावर २६ आठवड्यांचे पूर्ण सरासरी वेतन तिला विमा महामंडळ देते आणि मालकाला त्या काळाचा पगार द्यावा लागत नाही. ज्या मालकांनी वर्षानुवर्षे हे चलन भरले आणि तरीही बाळंतपणाच्या भीतीने बायका नेमल्या नाहीत, त्यांनी विम्याचा हप्ता भरून विमा नाकारला असे म्हणावे लागेल.

यात एक खाच आहे. लाभ मिळण्यासाठी लगतच्या दोन वर्गणी काळांत मिळून तिच्या नावावर किमान ७० दिवसांची वर्गणी, म्हणजे वर सांगितलेला मालक-कर्मचाऱ्याचा वाटा, जमा असावी लागते. वर्गणीचे काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे असतात; एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जून या काळातील हक्क उभा राहतो. अनेक ठिकाणी नव्या माणसाला तीन महिने ‘बघू’ म्हणून नोंदणीशिवाय ठेवण्याची पद्धत आहे. या तीन महिन्यांत मालकाचे काही शे रुपये वाचतात आणि ऐन वेळी तिचे दिवस कमी पडतात. म्हणून पहिल्या दिवशी नोंदणी करावी, आणि दर महिन्याचे चलन पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरावे. वर्गणी काळाच्या मध्ये पगार वाढून २१,००० च्या वर गेला, तर तो काळ संपेपर्यंत ती व्यक्ती योजनेतच राहते, हेही पगारवाढीची तारीख ठरवताना लक्षात ठेवावे.

पगाराची रचना करताना मूळ वेतन लहान आणि भत्ते फुगवलेले ठेवण्याची जुनी युक्तीही आता चालत नाही. नव्या कामगार संहितांतील व्याख्येप्रमाणे वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते.

२१,००० च्या वर पगार असलेल्या स्त्रीचा लाभ मात्र मालकालाच द्यायचा असतो. येथे मालकांची तक्रार खोटी नाही, आणि ती नवीही नाही. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात मातृत्व लाभ विधेयकाच्या बाजूने बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मान्य केले होते की, मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे असल्यामुळे या खर्चाचा मोठा भाग सरकारने उचलायला हवा. मात्र सरकार तो उचलत नाही म्हणून मालकाची जबाबदारी संपते असे त्यांनी मानले नाही. त्यानंतर १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या मातृत्व संरक्षण करारातही हा खर्च विम्यातून किंवा सार्वजनिक निधीतून व्हावा, एकट्या मालकावर पडू नये, असेच तत्त्व आहे. भारताने तो करार स्वीकारलेला नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने सात आठवड्यांचे वेतन मालकांना परत देण्याची एक कल्पना मांडली होती, पण ती प्रस्तावाच्या पुढे गेली नाही. तेव्हा तक्रार योग्य ठिकाणी जरूर करावी, पण परताव्याच्या आशेवर पगारपत्रक बेतू नये.

कॅलेंडरच्या मागच्या पानावरचा हिशेब

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका मालकापुढे हिशेबनीसाच्या जागेसाठी दोन अर्ज होते. ‘मॅडम जास्त हुशार आहेत, पण सहा महिने घरी बसवून पगार कोण देणार?’ असे ते म्हणाले. आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरचे जुने पान फाडून त्याच्या मागे हिशेब मांडला. आकडे सोयीसाठी थोडे गोल केले आहेत.

त्यांच्याकडे चौदा जागा होत्या. दहा कामगारांचा पगार सरासरी १६,००० रुपये, म्हणजे १,६०,०००. हे दहाही जण विमा योजनेत. मालकाचा वाटा महिना ५,२००. या दहांमध्ये कितीही स्त्रिया असल्या तरी बाळंतपणाच्या वेतनाचा भार मालकावर नाही. उरलेल्या चार जागांचे पगार २८,०००, ३२,०००, ४०,००० आणि ५०,०००. त्यांची बेरीज १,५०,०००. प्रश्न होता तो या चारांतल्या पहिल्या जागेचा.

कायद्याप्रमाणे लाभाचा दर म्हणजे रजेवर जाण्यापूर्वीच्या तीन कॅलेंडर महिन्यांतील सरासरी रोजचे वेतन. महिना २८,००० च्या हिशेबाने तीन महिन्यांचे ८४,००० झाले. त्या तीन महिन्यांचे दिवस ९० धरले तर रोजचे ९३३ रुपये ३३ पैसे. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस, कारण आठवडा सात दिवसांचा धरायचा, रविवार वगळायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच हा वाद मिटवला आहे. एकूण रक्कम १,६९,८६७ रुपये. मालकाने बाळंतपणाची वैद्यकीय सोय मोफत पुरवली नसेल, तर ३,५०० रुपये वैद्यकीय बोनस वेगळा. बेरीज १,७३,३६७. रोजंदारीवर काम करणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत सरासरी प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांवर निघते आणि ती सर्व १८२ दिवसांना लावली जाते, त्यामुळे रक्कम तिच्या सहा महिन्यांच्या नेहमीच्या कमाईपेक्षा थोडी जास्त भरते. ती चूक समजून कापू नये.

आता मालकांच्या मनातला गोंधळ. १,६९,८६७ हा आकडा त्यांना नवा खर्च वाटत होता. पण ती बाई कामावर असती तरी या सहा महिन्यांचा तिचा पगार द्यायचाच होता. तो अंदाजपत्रकात आधीच आहे. नवा खर्च आहे तो तिच्या जागी येणाऱ्या माणसाचा. रोज अर्धा दिवस येणारा हिशेबनीस महिना १२,००० रुपयांत मिळाला, तर सहा महिन्यांचे ७२,०००, अधिक वैद्यकीय बोनस. म्हणजे ७५,५०० रुपये. हीच या रजेची खरी जादा किंमत.

खरी अडचण रोखीची असते आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही. कायदा दरमहा पगार द्या असे म्हणत नाही. प्रसूतीपूर्वीच्या काळाची रक्कम गर्भारपणाचा दाखला मिळाल्यावर आगाऊ द्यायची असते आणि उरलेली रक्कम प्रसूतीचा पुरावा मिळाल्यापासून ४८ तासांच्या आत. या उदाहरणात आधीचे ८ आठवडे घेतले, तर ५२,२६७ रुपये आगाऊ आणि १,१७,६०० रुपये दोन दिवसांत. ज्याचे ग्राहक नव्वद दिवसांनी पैसे देतात, त्या कारखानदाराला ही रक्कम ऐन वेळी काढणे जड जाते, आणि मग ‘महिन्याच्या महिन्याला घ्या ना’ अशी विनवणी सुरू होते.

यावर उपाय एकच: एकूण पगाराच्या एक टक्का रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात टाकावी. ३,१०,००० च्या पगारावर महिना ३,१०० रुपये, वर्षाला ३७,२००. दोन वर्षांत ७४,४०० होतात, म्हणजे बदली माणसाचा खर्च जवळजवळ निघतो. पाच वर्षांत १,८६,००० होतात, म्हणजे पूर्ण रक्कम हातात असते. हा एक टक्का केवळ स्त्रियांच्या पगारावर काढू नये, सर्वांच्या पगारावर काढावा. तो स्त्रियांच्या नावे टाकला की प्रत्येक नव्या नेमणुकीच्या वेळी ‘हिच्यामुळे एवढे’ असा आकडा डोळ्यांपुढे येतो आणि आपण पुन्हा पहिल्या जागी येतो.

याच पानाच्या कोपऱ्यात मी त्यांना आणखी एक प्रश्न लिहून दिला: गेल्या पाच वर्षांत किती पुरुष कर्मचारी किती दिवसांच्या नोटिशीवर गेले? उत्तर होते तीन, आणि त्यांतला एक तर पगार घेऊन सोमवारी आलाच नाही. बाळंतपणाची रजा ही चार-पाच महिने आधी कळणारी, सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख असलेली गैरहजेरी आहे. लहान धंद्याला अशी गैरहजेरी क्वचितच लाभते.

जाहिरात, मुलाखत आणि नेमणूकपत्र

वेतन संहिता, २०१९ मध्ये समान किंवा समान स्वरूपाच्या कामासाठी भरती करताना आणि वेतन देताना लिंगावरून भेद करण्यास मनाई आहे. म्हणून ‘फक्त पुरुष उमेदवार’ किंवा ‘अविवाहित मुलीस प्राधान्य’ असे दुकानाच्या काचेवर लावलेले कागद काढून टाकावेत. जागेच्या कामाचे वर्णन लिहावे: किती वाजता यायचे, किती वजन उचलावे लागेल, बँकेत आणि कर सल्लागाराकडे जावे लागेल का. एवढे लिहिले की उमेदवार स्वतःच ठरवतो.

मुलाखतीत लग्न केव्हा, मूल केव्हा, सासरचे काय म्हणतात, असे विचारू नये. १९९१ मध्ये भारतीय आयुर्विमा महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, नोकरीच्या वेळी स्त्रीकडून मासिक पाळी आणि गर्भारपण यांची माहिती मागणाऱ्या रकान्यांवर कडक शब्दांत आक्षेप घेतला आणि ते काढून टाकण्यास सांगितले. सरकारी महामंडळाला जे शोभले नाही ते आपल्या टेबलावर शोभेल असे समजू नये. शिवाय या प्रश्नांचा उपयोगही नसतो, कारण खरे उत्तर बहुधा तिलाही माहीत नसते. त्याऐवजी एकच प्रश्न सर्वांना, पुरुषांनाही, विचारावा: ‘तुम्ही काही महिने नसलात तर तुमचे काम दुसऱ्याला कळेल अशी नोंद तुम्ही कशी ठेवाल?’ या प्रश्नाच्या उत्तरावरून हिशेबनीस कसा आहे ते लगेच समजते.

नेमणुकीच्या वेळी मातृत्व लाभाची माहिती प्रत्येक स्त्रीला लेखी आणि इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देण्याची जबाबदारी २०१७ च्या दुरुस्तीने आस्थापनेवर टाकली. यासाठी वेगळे पुस्तक छापण्याची गरज नाही. नेमणूकपत्रात पुढील परिच्छेद पुरतो, आणि त्याच पत्राची प्रत व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलने पाठवावी:

‘आपणांस सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० च्या सहाव्या प्रकरणाप्रमाणे मातृत्व लाभ मिळण्याचा हक्क आहे. अपेक्षित प्रसूतीच्या दिनांकापूर्वीच्या बारा महिन्यांत आपण या आस्थापनेत किमान ८० दिवस काम केलेले असल्यास आपणांस २६ आठवड्यांपर्यंत पगारी रजा मिळेल, त्यांपैकी कमाल ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतील. दोन अपत्ये हयात असल्यास ही रजा १२ आठवड्यांची राहील. आपण कर्मचारी राज्य विमा योजनेत असल्यास लाभाची रक्कम महामंडळाकडून त्यांच्या नियमांप्रमाणे, अन्यथा आस्थापनेकडून दिली जाईल.’

याच तरतुदींचा गोषवारा स्थानिक भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, सर्वांना दिसेल अशा जागी लावायचा असतो. कामगारांत हिंदी बोलणाऱ्या स्त्रिया असतील तर हिंदीतही लावावा.

बातमी कळल्यावर

पहिल्या दिवशी अभिनंदन करावे आणि कागदाचे काम दुसऱ्या दिवसावर ढकलावे. मग तिच्याकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: डॉक्टरांनी दिलेली अपेक्षित तारीख, रजा सुरू करण्याचा दिवस, आणि रक्कम तिच्याऐवजी कोणाकडे द्यायची असल्यास त्या व्यक्तीचे नाव. विमा योजनेतील स्त्रीला महामंडळाच्या संकेतस्थळावर लाभासाठी अर्ज करता येतो; पगारपत्रक पाहणाऱ्याने तिचा मोबाइल क्रमांक आणि बँक खाते तिथे बरोबर नोंदले आहे का ते याच वेळी तपासावे. बहुतेक अर्ज अडकतात ते नावाच्या स्पेलिंगवर, आणि लग्नानंतर बदललेल्या आडनावावर.

राजीनामा मागू नये, ‘बाळ झाल्यावर पुन्हा घेऊ’ अशा तोंडी आश्वासनावर तर मुळीच मागू नये. या रजेच्या काळात कामावरून काढणे किंवा तिच्या नोकरीच्या अटी तिला तोट्याच्या होतील अशा बदलणे बेकायदेशीर आहे, आणि गर्भारपणात काढून टाकले तरी ती लाभाला मुकत नाही. म्हणजे माणूसही जातो आणि पैसेही द्यावे लागतात.

प्रसूतीनंतरचे सहा आठवडे तिला कामावर ठेवण्यास सरळ बंदी आहे, तिची स्वतःची तयारी असली तरीही. प्रसूतीच्या तारखेआधीच्या काळातही तिने विनंती केल्यास दीर्घकाळ उभे राहण्याचे किंवा अंगमेहनतीचे काम देऊ नये, आणि काम हलके केले म्हणून पगार कापू नये.

काम कोण करील

लहान धंद्यात एकाच माणसाच्या डोक्यात सगळे असते, आणि रजेचा खरा धाक तिथून येतो. त्या खोक्यांच्या कारखान्यात शेवटी बाईंचीच नेमणूक झाली आणि चार वर्षांनी त्या रजेवरही गेल्या. जाण्यापूर्वीच्या दोन महिन्यांत त्यांनी एक लांब वही भरली. पहिल्या पानावर महिन्याच्या तारखा होत्या: ७ तारखेला टीडीएस, ११ ला विक्रीचे जीएसटी विवरण, १५ ला भविष्यनिर्वाह निधी आणि विमा, २० ला कर भरणा. पुढच्या पानांवर टॅलीमध्ये नोंदी कशा घालायच्या हे होते, आणि मग जे कुठल्याही पुस्तकात सापडत नाही ते: कागदाचा कोणता व्यापारी बिलावर क्रमांक चुकवतो, कोणत्या ग्राहकाचा धनादेश शनिवारी बँकेत टाकायचा नाही, कोणत्या वाहतूकदाराला रोख लागते. मालकांनी मला ती वही दाखवली तेव्हा म्हणाले, ‘हे मला स्वतःला माहीत नव्हतं.’

अशी वही प्रत्येक महत्त्वाच्या जागेसाठी आजच सुरू करावी, रजेची वाट पाहू नये. बदली माणूस रजा सुरू होण्याच्या किमान तीन आठवडे आधी घ्यावा, म्हणजे एक पूर्ण महिनाअखेर दोघे मिळून काढतील. त्याच्या नेमणूकपत्रात ही नेमणूक कोणत्या तारखेपर्यंत आणि कशासाठी आहे ते स्पष्ट लिहावे. पासवर्ड आणि बँकेचे अधिकार मालकाच्या नावावर असावेत. आणि रजेवर असलेल्या बाईंना ‘फक्त एक मिनिट’ म्हणून फोन करू नये. पहिल्या सहा आठवड्यांत तर तो फोनही काम करवून घेण्याच्या जवळ जातो.

परत आल्यावर

मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीखेरीज दिवसातून दोनदा त्याला दूध पाजण्यासाठी वेळ द्यावा लागतो. घर लांब असेल तर दूध काढून ठेवण्यासाठी आतून कडी लागणारी एक स्वच्छ खोली आणि फ्रिजमध्ये एक कप्पा लागतो. स्वच्छतागृह ही ती जागा नव्हे. पाळणाघराची सक्ती पन्नास कर्मचाऱ्यांपासून पुढे आहे, पण औद्योगिक वसाहतीतल्या तीन-चार शेजारी कारखान्यांनी मिळून जवळच्या पाळणाघराशी ठरवले तर खर्च फारसा येत नाही. कामाचे स्वरूप घरून करण्यासारखे असेल, तर रजेनंतर काही काळ तसे करण्याची मुभा दोघांच्या संमतीने देता येते. ती लेखी असावी आणि तिला शेवटची तारीख असावी.

दहापेक्षा कमी माणसे असतील तर

पाच माणसांच्या दवाखान्याला किंवा शिवणकामाच्या दुकानाला सहावे प्रकरण लागू होत नाही. तिथे काम करणाऱ्या स्त्रीला सरकारकडून मिळते ती प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेची रक्कम: पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,०००. अंगणवाडी सेविका हा अर्ज भरण्यास मदत करतात. मालकाने निदान तेवढी वाट दाखवावी.

पण अशा मालकाच्या हातात दोन मार्ग आहेत. नव्या संहितेप्रमाणे मालक आणि बहुसंख्य कर्मचारी यांची संमती असेल, तर दहापेक्षा कमी माणसांची आस्थापनाही अर्ज करून राज्य विमा योजनेत स्वेच्छेने येऊ शकते. पाच जणांना प्रत्येकी १५,००० पगार असेल, तर ७५,००० वर मालकाचा वाटा महिना २,४३७ रुपये ५० पैसे होतो, आणि त्यात बाळंतपणाच्या वेतनाबरोबर पाचही कुटुंबांच्या औषधोपचाराची सोय येते. माझ्या मते एकाहून अधिक स्त्रिया कामावर असलेल्या प्रत्येक लहान दुकानाने हा मार्ग आधी पाहावा.

तो जमत नसेल, तर स्वतःचा नियम लिहावा, आणि तो आपल्याला पाळता येईल एवढाच लिहावा. सव्वीस आठवड्यांचे तोंडी आश्वासन देऊन दुसऱ्या महिन्यात हात वर करण्यापेक्षा बारा आठवड्यांचा लेखी नियम बरा. सहा आठवडे पूर्ण पगार आणि सहा आठवडे निम्मा, असे ठरवले तर १५,००० च्या पगारावर, रोजचे ५०० धरून, आधीचे २१,००० आणि नंतरचे १०,५००, मिळून ३१,५०० रुपये होतात. पाच वर्षांत एक रजा धरली, तर त्यासाठी महिन्याला ५२५ रुपये बाजूला टाकावे लागतात. अर्ध्या पानाचा हा नियम पाचही जणांच्या सह्यांसह फाइलला लावावा, आणि पुढची नेमणूक करताना उमेदवाराला तो वाचायला द्यावा.